खान्देशातला थंडीचा कोबी : रोप कधी टाकायचे आणि गड्डा कसा भरतो

प्रश्न असा आला आहे : शिरपूर तालुक्यात घरामागे दोन गुंठे काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. मागच्या हंगामात नोव्हेंबरअखेर कोबीची रोपे लावली. फेब्रुवारीत गड्डे सैल राहिले, काही फुटले. म्हणून यंदा 'जानेवारी किंग' किंवा सॅव्हॉयसारखी कडाक्याची थंडी सोसणारी जात मागवावी का, आणि थंडीत पिकावर कशाचे झाकण घालावे?

ती जात मागवू नका, आणि झाकणही लागणार नाही. तुमच्या कोबीला थंडी बाधली नाही, ती त्याला पुरली नाही. नोव्हेंबरअखेर लावलेल्या रोपाचा गड्डा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर धरू लागतो आणि भरण्याच्या ऐन वेळी फेब्रुवारीचे ऊन लागते. थंडीतली जात कोणतीही असली तरी या तारखेला हाच परिणाम होणार.

कोबीचा गड्डा १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत घट्ट भरतो. २५ च्या वर सरासरी गेली की आतली पाने एकमेकांवर चापून बसत नाहीत, दांडा लांबतो आणि गड्डा पोकळ लागतो. खान्देशात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ ते ३० अंश आणि पहाटे १० ते १२ अंश असते, थंडीची लाट आली तर पहाटेचा पारा त्याहून बराच खाली जातो. म्हणजे दिवसरात्रीची सरासरी नेमकी कोबीला हवी तिथे येते. रावेर-यावलकडे ज्या रात्री केळीच्या बागेत धुरी करावी लागते, त्या रात्री कोबीचे काहीही बिघडत नाही. पण ही खिडकी लहान आहे. साधारण १० डिसेंबर ते जानेवारीअखेर. फेब्रुवारीत दुपार ३० च्या वर जाते आणि महिना संपता संपता ३३-३५ होते.

जानेवारी किंग आणि सुरकुतलेल्या पानांचा सॅव्हॉय हे युरोपात उन्हाच्या तोंडावर पेरून बर्फाच्या दिवसांत काढायचे वाण आहेत. त्यांची बहुतेक वाढ तिथल्या सौम्य उन्हाळ्यात होते आणि तयार झाडावर हिम पडले तरी ते टिकते. पेरणीपासून काढणीपर्यंत त्यांना साडेचार-पाच महिने सहज लागतात. इकडे सप्टेंबरमध्ये पेरले तर गड्डा भरायला फेब्रुवारी उजाडणार, आणि त्यांची खरी ताकद, म्हणजे गोठण्याखालची थंडी सोसणे, मैदानी खान्देशात कामालाच येत नाही. तोरणमाळ किंवा डाबसारख्या सातपुड्याच्या उंच पठारावर, जिथे एखाद्या वर्षी दव गोठते, तिथे हौसेने चार झाडे लावायला हरकत नाही. शिरपूरला नको.

मग तारखा कशा काढायच्या? काढणी मकर संक्रांतीच्या आसपास धरा आणि मागे मोजा. गोल्डन एकर ही लवकर येणारी जात पुनर्लागवडीपासून ६० ते ६५ दिवसांत निघते, गड्डा एक ते दीड किलोचा. ती नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत शेतात गेली पाहिजे, म्हणजे बी ५ ते १० ऑक्टोबरला टाकायचे. पुसा ड्रमहेड उशिरा येणारी, चपटा मोठा गड्डा, चांगल्या जमिनीत तीन किलोच्या पुढे जाते, पण तिला लागवडीनंतर तीन महिने द्यावे लागतात. तिचे बी १० सप्टेंबरच्या आसपास आणि लागवड १० ऑक्टोबरपर्यंत. ड्रमहेडला गड्डा धरायला थंडी लागतेच, त्यामुळे तिच्याबाबत आठ-दहा दिवसांचा उशीरही महागात पडतो. घरच्या बागेसाठी निवड करायची तर गोल्डन एकर किंवा त्याच मुदतीचा संकरित वाण घ्या. संकरित बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले दिवस बहुधा लागवडीपासूनचे असतात, त्यात रोपवाटिकेचे २५ ते ३० दिवस वेगळे मिळवा. तारखांचा घोळ अनेकांचा इथेच होतो.

यंदाही काही कारणाने लागवड २५ नोव्हेंबरच्या पुढे गेली तर उलट बाजूने विचार करा आणि उष्णता सोसणारा संकरित वाण घ्या. तो फेब्रुवारीतही बऱ्यापैकी घट्ट गड्डा देतो. चव थोडी कमी गोड असते. थंडीत वाढलेल्या कोबीच्या पानांत साखर साठते, ती गोडी त्याला येत नाही.

आणखी एक. दोन गुंठे पूर्ण कोबी लावू नका. ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर एका गुंठ्यात सुमारे ३७५ झाडे बसतात, दोन गुंठ्यांत ७५०. एवढे गड्डे पंधरा दिवसांत तयार झाले तर घर खाऊन संपवू शकत नाही आणि आठवडे बाजारात त्या वेळी सगळ्यांचाच कोबी आलेला असतो. एक गुंठा पुष्कळ झाला, तोही तीन हप्त्यांत : बी २५ सप्टेंबर, ८ ऑक्टोबर आणि २० ऑक्टोबरला टाका. उरलेल्या गुंठ्यात मेथी, कोथिंबीर, वांगी घ्या. खाली दिलेली सगळी मापे एका गुंठ्याची आहेत.

रोपवाटिकेत सर्वांत मोठा शत्रू ऑक्टोबरचे ऊन आणि परतीचा पाऊस. दोन्ही एकाच आठवड्यात येऊ शकतात. एक ग्रॅममध्ये कोबीचे अडीचशे ते तीनशे दाणे असतात, त्यामुळे एका गुंठ्याला अडीच-तीन ग्रॅम बी पुरते. त्यासाठी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. काळ्या मातीचा वाफा पावसाने चोपून बसतो, म्हणून वरच्या थरात निम्मे चाळलेले शेणखत आणि थोडी नदीची वाळू मिसळा. वाफ्याच्या रुंदीला समांतर दहा-दहा सेंटिमीटरवर रेघा ओढून दाणा एक सेंटिमीटर खोल आणि अडीच सेंटिमीटर अंतरावर टाका. फोकून पेरलेली रोपे दाट होतात, लांबुळकी होतात आणि जमिनीलगत कुजून कोलमडतात. ही मर टाळण्यासाठी पेरण्यापूर्वी बियाण्याला किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) चोळा. तीन ग्रॅम बियाण्याला म्हणजे चिमूटभर. पाणी झारीने सकाळी द्या, संध्याकाळी नको, कारण रात्रभर ओला राहिलेला वाफाच मर वाढवतो.

वाफ्यावर दोन-अडीच फूट उंचीवर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा, पण ती रोपे उगवेपर्यंत दिवसभर आणि त्यानंतर फक्त दुपारी. आठवडाभराने पूर्ण काढा. सावलीत वाढलेले रोप उंच दिसते आणि शेतात गेल्यावर मान टाकते. पाऊस आला तर नेटवर प्लॅस्टिक टाकायची तयारी ठेवा. २५ ते ३० दिवसांत चार-पाच पानांचे, १२ ते १५ सेंटिमीटरचे रोप तयार होते. लागवडीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करा, रोप काटक होते. उपटण्याच्या दिवशी सकाळी मात्र वाफा भिजवा, म्हणजे मुळे तुटत नाहीत.

बी साधे, रंग न लावलेले असेल तर गरम पाण्याची प्रक्रिया जरूर करा. कापडाच्या पुरचुंडीत बांधून ५० अंशाच्या पाण्यात २५ मिनिटे, मग लगेच गार पाण्यात आणि सावलीत सुकवणे. थर्मामीटर हवाच. ५२ च्या वर गेले की उगवण मरते आणि ४८ ला रोगाचे जंतू मरत नाहीत. ट्रायकोडर्मा या प्रक्रियेनंतर लावायचा. कंपनीने रंगीत औषध लावलेल्या बियाण्याला ही प्रक्रिया करू नये.

ही गरम पाण्याची प्रक्रिया घाण्या रोगासाठी. इंग्रजीत त्याला ब्लॅक रॉट म्हणतात. बियाण्यातून येणारा हा जिवाणूजन्य रोग एकदा शेतात आला की त्यावर खात्रीचे औषध नाही. ओळख सोपी आहे : पानाच्या कडेपासून सुरू होणारा पिवळा डाग, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टोक पानाच्या मधल्या शिरेकडे. त्या डागातल्या बारीक शिरा काळ्या पडतात. दांडा आडवा कापला तर आत काळे कडे दिसते. कडेवरचा डाग म्हणजे घाण्या आणि पानाच्या मध्ये गोल, एकात एक कड्यांचा डाग म्हणजे करपा, एवढा फरक लक्षात ठेवला तरी चुकीची फवारणी टळते. घाण्याची झाडे उपटून बागेबाहेर पुरा, दव सुकल्यावरच बागेत फिरा, आणि त्या जागेत तीन वर्षे कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांपैकी काही घेऊ नका.

जमिनीकडे येऊ. मूग किंवा उडीद निघालेला तुकडा सर्वांत चांगला. ऑगस्टअखेर-सप्टेंबरला तो मोकळा होतो आणि जमीन तयार करायला महिना मिळतो. कपाशी उपटून त्या जागी कोबी घ्यायचा विचार करू नका, कपाशी निघेपर्यंत आपली तारीख गेलेली असते. परदेशी माहितीत कोबीच्या जमिनीत चुना घालायला सांगतात. तिथल्या आम्लधर्मी जमिनीत मुळांवर गाठी आणणारा रोग येतो, त्यासाठी तो सल्ला आहे. तापी-पांझरा खोऱ्यातली काळी जमीन मुळातच चुनखडीयुक्त, सामू (पीएच) ८ च्या आसपास. इथे चुना घातला तर बोरॉन, जस्त आणि लोह आणखी अडकून बसते. चुन्याची पिशवी घरातच राहू द्या.

एका गुंठ्याला २०० किलो चांगले कुजलेले शेणखत. राहुरी कृषी विद्यापीठाची कोबीसाठीची शिफारस हेक्टरी १६० किलो नत्र, ८० किलो स्फुरद आणि ८० किलो पालाश अशी आहे. गुंठ्याला हिशेब केला तर युरिया साडेतीन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट पाच किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश एक किलो ३५० ग्रॅम. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सुपर फॉस्फेटच घ्या, त्यातून गंधकही मिळते आणि कोबी हे गंधक खाणारे पीक आहे, त्याचा उग्र वास त्याच्याच संयुगांचा. सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लागवडीवेळी द्या. उरलेला युरिया दोन भागांत, २० व्या आणि ३५ व्या दिवशी, झाडापासून चार बोटे दूर बांगडी पद्धतीने मातीआड करून द्या. गोल्डन एकरला ३५ व्या दिवसानंतर नत्र देऊ नये. गड्डा धरल्यावर युरिया टाकला की तो आकाराने फुगतो, पण सैल राहतो आणि फुटतो. तुमचे गड्डे फुटले त्यात उशिराच्या उन्हाबरोबर हेही कारण असू शकते.

बोरॉन मात्र विसरू नका. गुंठ्याला १०० ग्रॅम बोरॅक्स शेणखतात नीट मिसळून एकदाच. कमी पडला तर गड्डा बाहेरून ठीक दिसतो, कापल्यावर दांड्यात तपकिरी पोकळी निघते. जास्त झाला तर पानांच्या कडा जळतात, म्हणून मूठमूठ अंदाजाने टाकायची ही वस्तू नाही, वजन करूनच टाका. जमिनीत दिला नसेल तर २० टक्के बोरॉनची पावडर लिटरला १ ग्रॅम, लागवडीनंतर ३० व्या दिवशी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

काळ्या जमिनीत सपाट वाफ्यापेक्षा सरी-वरंबा बरा. गोल्डन एकर ४५ × ४५ वर लावली तरी चालते, ड्रमहेड ६० × ४५ च्या आत नको. लागवड उन्हे उतरल्यावर, रोप पहिल्या पानाच्या देठापर्यंत मातीत, वरचा कोंब मात्र कधीही गाडायचा नाही. तो मातीने दबला तर झाड बिनगड्ड्याचे राहते. लगेच पाणी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी म्हणजे दुसरे हलके पाणी, आणि आठवड्याच्या आत नांगे, म्हणजे रोपे मेलेल्या रिकाम्या जागा, भरून घ्या. त्यानंतर भरलेली रोपे मागे पडतात आणि शेजारच्या झाडाखाली दबतात.

पाण्यावर सगळे अवलंबून आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. कोबीची खाणारी मुळे वरच्या वीतभर मातीत असतात. काळी जमीन सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगा हीच मुळे तोडतात. पाणी द्यायची वेळ भेग पडण्याच्या आधीची : बोटभर खालची माती मुठीत दाबली आणि गोळा झाला नाही, भुरभुरली, तर त्याच दिवशी पाणी. सरीने देत असाल तर थंडीत आठ-दहा दिवसांनी एक हलके पाणी पुरते. ठिबक असेल तर रोज थोडे. गड्डा धरण्यापासून भरेपर्यंतच्या तीन आठवड्यांत ओढ बसू देऊ नका. ओढ बसून मग भरपूर पाणी दिले की आतली पाने झपाट्याने फुगतात, बाहेरची ताणत नाहीत आणि गड्डा उभा तडकतो. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडतात तेही याच खंडामुळे, कारण पाण्याबरोबर जाणारे कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. जमिनीत चुना भरपूर असूनही हे होते.

खुरपणी वरवर करा, खोल कुदळ नको. ३० व्या दिवशी झाडांना मातीची भर द्या, नाहीतर गड्डा जड झाल्यावर झाड कलते.

थंडीची लाट आली की जुनी पाने जांभळट दिसू लागतात. गार मातीतून मुळांना स्फुरद उचलता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. ऊब आली की नवी पाने हिरवी येतात, जादा खत टाकायची गरज नाही. पारा फारच उतरणार असेल तर संध्याकाळी विहिरीचे हलके पाणी सरीत सोडा. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती रात्री उष्णता धरून ठेवते. पानांवर पाणी शिंपडू नका, दवात भर पडून केवडा (पानाखाली येणारा बुरशीचा रोग) आणि करपा वाढतो. पानावर खरोखर गोठलेले दव दिसले तर ऊन वर येऊन ते वितळेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, कापणी तर नाहीच. थंडीचे खरे नुकसान एकाच प्रकारे होते : रोपवाटिकेत ४५ दिवसांपर्यंत राहून पेन्सिलीएवढ्या जाड दांड्याचे झालेले रोप लावले आणि त्याला बरेच आठवडे १० अंशाखालची थंडी लागली तर गड्ड्याऐवजी फुलाचा दांडा निघू शकतो. आपल्याकडे दुपारच्या उबेमुळे हे क्वचित घडते, तरी जून रोप लावूच नये.

किडींमध्ये एकच खरी डोकेदुखी, चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची अळी जेमतेम सेंटिमीटरभर, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावले की झटक्याने मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते, हीच तिची ओळख. ती पानाची खालची बाजू खरवडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. ही कीड अनेक कीटकनाशकांना सरावलेली आहे, म्हणून फवारणीच्या आधी मोहरी. मोठ्या शेतात कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेतात, एक कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी पेरून. एका गुंठ्यात प्लॉटच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ पुरे, तारखा त्याच. पतंग मोहरीवर अंडी घालायला जातो. पण मग मोहरीवर लक्ष हवे. अळ्यांनी भरलेली झाडे उपटून पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर तीच किडीची पैदास होते. मावाही आधी तिथेच दिसतो.

कोबीवर दर दहा दिवसांनी ५ टक्के निंबोळी अर्क : दहा लिटर पाण्यासाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळून घ्या. कोबीच्या पानावर मेण असते, नुसते पाणी थेंब होऊन घरंगळते. म्हणून स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारे द्रव्य) किंवा लिटरला एक-दोन ग्रॅम साबणचुरा हवाच, आणि नोझल खालून वर धरा. अळ्या दिसू लागल्या तर बीटी जिवाणूची पावडर लिटरला १ ते २ ग्रॅम, उन्हे उतरल्यावर, कारण उन्हात तो जिवाणू टिकत नाही. एवढे करूनही दहापैकी चार-पाच झाडांवर अळ्या राहिल्या तरच इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४ ग्रॅम, एकदा, आणि त्यानंतर लेबलवर दिलेले दिवस भरल्याशिवाय गड्डा कापू नका. लागवडीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत कोंबाची पाने जाळीने एकत्र गुंफलेली दिसली तर ती गड्डा पोखरणारी अळी. तिने कोंब खाल्ला की एका गड्ड्याऐवजी लिंबाएवढे चार-पाच गड्डे फुटतात. त्या झाडाची वाट पाहू नका, उपटून टाका.

काढणीला आकार बघू नका, अंगठा लावा. डोक्यावर दाबल्यावर दबला नाही तर गड्डा तयार. वरचे झाकणपान किंचित मागे वळू लागणे ही दुसरी खूण. पहाटेच्या दवात न कापता सकाळी नऊनंतर, बाहेरची दोन-तीन पाने ठेवून कापा, ती पाने आतल्याला सुकू देत नाहीत. सगळे गड्डे एकदम तयार झाले आणि थोडे दिवस शेतातच ठेवायचे असतील तर पाणी कमी करा आणि प्रत्येक झाड दोन्ही हातांनी धरून पाव वळसा फिरवा. काही मुळे तुटतात, पाणी चढणे मंदावते आणि गड्डा आठवडाभर न फुटता उभा राहतो. जानेवारीअखेर मात्र सगळे गड्डे काढून घ्यायचेच. घरात ओल्या गोणपाटावर, सावलीच्या हवेशीर जागी आठ-दहा दिवस टिकतो. मुळासकट उपटून उलटा टांगला तर त्याहून थोडा जास्त.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापलेल्या झाडाचा बुंधा खालच्या चार पानांसह जमिनीत राहू द्या आणि एक पाणी द्या. कापलेल्या जागेखाली डोळे फुटतात. त्यातले दोनच ठेवून बाकी खुडले तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुठीएवढे गड्डे मिळतात. १५ जानेवारीनंतर कापलेल्या बुंध्यांवर हा प्रयोग करू नका, ते उपटून खताच्या खड्ड्यात टाका, घाण्याची लागण झालेले बुंधे सोडून.